फॅमिलीसर्च : हरवलेल्या पूर्वजांसाठी कितपत उपयोगी?

फॅमिलीसर्च या वंशावळीच्या मोफत सेवेविषयी जे लिहिले जाते, ते बहुधा ज्यांचे पूर्वज तिथे सहज सापडले त्यांनी लिहिलेले असते. हे परीक्षण उलट्या बाजूने लिहिले आहे. एका जनगणनेत आईवडिलांच्या घरी, भावंडांच्या रांगेत नोंदलेला माणूस पुढच्या जनगणनेत कोठेच नसतो आणि त्याच्या विवाहाची, मृत्यूची किंवा देशांतराचीही नोंद मिळत नाही, अशा वेळी ही सेवा किती साथ देते, एवढाच प्रश्न मी समोर ठेवला. जवळजवळ वर्षभर तिचा नियमित वापर केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, या सेवेचे जे दोन भाग सर्वांत पुढे मांडलेले आहेत, म्हणजे शोधचौकट आणि सामायिक वंशवृक्ष, ते हरवलेल्या माणसासाठी सर्वांत कमी कामाचे आहेत. खरे भांडार दोन-तीन मेनूंच्या आड आहे आणि तिथवर जाण्याचा कंटाळा करणाऱ्याने या सेवेला नावे ठेवू नयेत.

सेवा कोणाची आहे, हे आधी माहीत असलेले बरे. अमेरिकेतील युटा राज्यात १८९४ मध्ये स्थापन झालेल्या वंशावळ संस्थेचे हे आजचे रूप असून तिच्यामागे लॅटर-डे सेंट्स, म्हणजे बोलीभाषेत मॉर्मन म्हटले जाणारे चर्च आहे. मृत पूर्वजांच्या वतीने बाप्तिस्मा घेता येतो, अशी या पंथाची श्रद्धा असल्यामुळे पूर्वजांची नावे गोळा करणे हे त्यांच्या दृष्टीने धर्मकार्य ठरते. १९३८ पासून संस्थेने जगभरची चर्चची पुस्तके, न्यायालयांची दफ्तरे आणि जन्ममृत्यूच्या नोंदवह्या मायक्रोफिल्मवर घ्यायला सुरुवात केली. सॉल्ट लेक सिटीजवळच्या ग्रॅनाइटच्या डोंगरात खास तळघर खोदून ती रिळे ठेवली गेली आणि सुमारे २४ लाख रिळांच्या या संग्रहाचे डिजिटल रूपांतर २०२१ मध्ये पूर्ण झाले. या श्रद्धेमुळे वादही झाले. नाझी हत्याकांडात बळी पडलेल्या ज्यूंच्या नावे असे विधी झाल्याचे उघडकीस आल्यावर चर्चला १९९५ मध्ये ज्यू संघटनांशी ते थांबवण्याचा करार करावा लागला. ज्यांना आपल्या मृत नातेवाइकांची माहिती अशा संस्थेकडे सोपवणे पटत नसेल, त्यांनी केवळ नोंदी पाहाव्यात आणि सामायिक वंशवृक्षात स्वतःहून भर घालू नये. खाते मोफत असल्यामुळे कोणतीही सक्ती होत नाही.

आता शोधचौकटीविषयी. नाव, आडनाव, जन्मवर्ष आणि ठिकाण भरले की निकालांची यादी येते, आणि त्या यादीत आपला माणूस नसला की तो नोंदींतच नाही असे वाटू लागते. पुष्कळदा ते खरे नसते, कारण शोधचौकट मूळ पाने पाहत नाही. कोणीतरी, किंवा हल्ली संगणकाने, ती पाने वाचून तयार केलेली सूची ती पाहते. अमेरिकेची १९४० ची जनगणना ७२ वर्षांच्या गोपनीयतेनंतर २०१२ मध्ये खुली झाली तेव्हा दीड लाखाहून अधिक स्वयंसेवकांनी सुमारे १३ कोटी नावांची सूची काही महिन्यांत उभी केली. या कामाबद्दल कौतुकाशिवाय दुसरे काही बोलता येणार नाही. पण एवढ्या नावांत काही हजार नावे जरी चुकीची वाचली गेली असतील, तरी त्या हजारांतल्या प्रत्येकाचा कोणीतरी नातू आज आपला आजोबा ‘गहाळ’ झाला असे समजून बसलेला असणार. जुन्या रोमन वळणात मोठा ‘एल’ आणि मोठा ‘एस’ जुळ्या भावांसारखे दिसतात. जोड ‘एस’मधला पहिला लांबट असल्यामुळे तो ‘एफ’ वाटतो आणि दोन्ही मिळून कधी कधी ‘पी’ म्हणून वाचले जातात. सूचीत असे भलतेच आडनाव गेले की योग्य आडनावाने कितीही शोधले तरी तो माणूस निकालात येत नाही.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. सारख्या उच्चाराची नावे एकत्र शोधण्याची युक्ती जुनी आहे. साउंडेक्स नावाच्या पद्धतीचे पहिले पेटंट १९१८ चे असून तीत आडनावाचे पहिले अक्षर आणि पुढच्या व्यंजनांसाठी तीन अंक असा संकेत तयार होतो. पहिले अक्षर कायम राहत असल्याने ‘सी’ने लिहिलेला कोहेन आणि ‘के’ने लिहिलेला कोहेन तीत कधीच एकत्र येत नाहीत. आजच्या सेवा त्याच्या बऱ्याच पुढे गेल्या आहेत आणि फॅमिलीसर्चही नावांची रूपे बऱ्यापैकी ओळखते. परंतु उच्चाराचे साम्य हा वर्णलेखनातील फरकावरचा इलाज आहे, अक्षर चुकीचे वाचले गेल्यावर त्याचा काही उपयोग होत नाही. त्यासाठी फॅमिलीसर्चने दिलेली दोन साधी चिन्हे मला अधिक मोलाची वाटतात. तारांकन कितीही अक्षरांच्या जागी चालते आणि प्रश्नचिन्ह एका अक्षराच्या जागी. संशयास्पद अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह घालून शोध घेण्याची सवय लावली, तर हरवलेल्यांपैकी काही जण तेथेच भेटतात.

त्याहून प्रभावी उपाय म्हणजे आडनाव भरायचेच नाही. केवळ पहिले नाव, जन्माचा अंदाजे काळ, ठिकाण आणि सोबत नवऱ्याचे, बायकोचे किंवा आईवडिलांचे नाव देऊन शोध घेता येतो. नुसती आईवडिलांची नावे दिली तर त्यांच्या नावावर नोंदलेली मुले समोर येतात, आणि ज्याच्यासाठी शोध सुरू केला त्याऐवजी कोणालाच माहीत नसलेले एखादे भावंड प्रथम हाती लागते. विवाहानंतर आडनाव बदललेल्या स्त्रियांसाठी तर माझ्या मते शोधाची सुरुवातच अशी व्हावी. नॉर्वेसारख्या देशात ग्रामीण माणसे आपल्या नावापुढे वडिलांचे नाव आणि राहत्या शेताचे नाव लावीत. शेत बदलले की नावाचा तो भागही बदलत असे. तेथे एका नावाने माणूस शोधत राहणे म्हणजे घर बदललेल्या माणसाचा जुनाच दरवाजा ठोठावत राहणे होय.

नावाविषयीच्या एका लोकप्रिय समजुतीमुळेही बराच वेळ वाया जातो. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर, म्हणजे परदेशातून वस्तीला येणाऱ्यांची तपासणी होई त्या नाक्यावर, उतरताना अधिकाऱ्याने पणजोबांचे नाव बदलून टाकले, अशी कथा असंख्य घराण्यांत सांगितली जाते. प्रत्यक्षात प्रवाशांच्या याद्या जहाज कंपन्यांकडून प्रवास सुरू होणाऱ्या बंदरावर तयार होत आणि बेटावरचे अधिकारी हातातल्या यादीशी समोरचा माणूस ताडून पाहत. नाव बदलले गेले असेल तर ते बहुधा पुढे, त्या माणसाने स्वतःच्या सोयीने बदललेले असते. म्हणून जहाजाची यादी जुन्या नावाने आणि नागरिकत्वाचे कागद नव्या नावाने शोधावे लागतात. १९०६ च्या कायद्याने अमेरिकेत नागरिकत्वाच्या अर्जांचे नमुने एकसारखे झाले आणि त्यांत आगमनाची तारीख व जहाज विचारले जाऊ लागले, त्यामुळे दोन नावांना जोडणारा दुवा पुष्कळदा याच अर्जात मिळतो.

या सेवेची खरी परीक्षा घेण्यासाठी मी एक प्रसिद्ध उदाहरण समोर ठेवले होते. १ जानेवारी १८९२ रोजी एलिस बेटावर नोंदली गेलेली पहिली देशांतरित व्यक्ती म्हणजे ॲनी मूर ही आयरिश मुलगी. नेवाडा नावाच्या जहाजातून ती दोन धाकट्या भावांसह आली होती आणि तिला दहा डॉलरचे सोन्याचे नाणे भेट मिळाले, हे सर्वज्ञात आहे. त्यानंतर मात्र ती इतिहासातून नाहीशी झाली. ती पश्चिमेकडे टेक्सासला गेली आणि १९२३ मध्ये ट्रामखाली सापडून मेली, अशी कथा पुढे रूढ झाली आणि त्या टेक्सासच्या ॲनीचे वंशज समारंभांना बोलावलेही जाऊ लागले. वंशावळ संशोधक मेगन स्मोलेनयाक यांनी जनगणनेची पाने पाहिली तेव्हा या टेक्सासच्या ॲनीचा जन्म आयर्लंडमध्ये झालेलाच नव्हता. ती इलिनॉय राज्यात जन्मलेली होती. २००६ मध्ये खरी ॲनी सापडली ती न्यूयॉर्कमध्येच. तिने शेयर नावाच्या माणसाशी विवाह केला होता, तिला दहाहून अधिक मुले झाली, १९२४ मध्ये हृदयविकाराने तिचा मृत्यू झाला आणि क्वीन्समधील कॅल्व्हरी दफनभूमीत तिच्या थडग्यावर साधा दगडही नव्हता. तो २००८ मध्ये बसवण्यात आला.

फॅमिलीसर्चच्या शोधचौकटीत नुसते ‘ॲनी मूर’ घालून पाहिले तर निकालांचा जो ढिगारा समोर येतो, त्यातून कोणालाही काही निवडता येणार नाही, आणि यात सेवेचा दोष काहीच नाही. दोष आपल्या प्रश्नात आहे. ॲनीचा उलगडा झाला तो जन्मस्थळाच्या रकान्यामुळे आणि तिच्यासोबतच्या भावांमुळे. म्हणजे नाव बाजूला ठेवल्यावर जे उरते त्यामुळे. हीच गोष्ट मी फॅमिलीसर्चवर करून पाहिली तेव्हा निकालांची गर्दी झपाट्याने ओसरली. हरवलेल्या माणसाचा माग त्याच्या भावंडांवरून, साक्षीदारांवरून आणि शेजाऱ्यांवरून काढायचा असतो, हे अनुभवी संशोधक सांगतातच. पण एकाच जागी, एकही पैसा न भरता, शेजारच्या दहा घरांची पाने उलटता येणे ही सोय या सेवेत आहे म्हणूनच तो उपदेश प्रत्यक्षात आणता येतो.

या उदाहरणाने मला थोडे खजीलही केले. काही वर्षांपूर्वी मी एका सशुल्क संशोधकाकडून वंशावळ तयार करून घेतली होती. सुरेख छापलेल्या त्या तक्त्यात पाच पिढ्या अखंड होत्या. पुढे सवडीने मूळ कागद पाहिले तेव्हा, ज्याला माझा पूर्वज म्हणून दाखवले होते, त्या नावाच्या मुलाचा वयाच्या चौथ्या वर्षी मृत्यू झाल्याची नोंद निघाली. त्याच नावाचा दुसराच कोणी माणूस खरा पूर्वज असणार. पुरावा विचारला तेव्हा उत्तर आले नाही. टेक्सासच्या ॲनीला मानसन्मान देणाऱ्यांना हसण्याचा अधिकार मला तेव्हापासून उरलेला नाही.

आता रकान्यांविषयी, कारण या सेवेतील पानांचा खरा रस तेथे आहे. सूचीत नाव, वय, जन्मस्थळ एवढेच येते आणि निकालाच्या यादीवर समाधान मानणारा मूळ पान उघडतच नाही. अमेरिकेच्या १९०० आणि १९१० च्या जनगणनेत स्त्रियांना किती मुले झाली आणि त्यांपैकी किती हयात आहेत, असे दोन प्रश्न विचारलेले होते. आईने ‘सात झाली, चार हयात’ असे सांगितले असेल आणि आपल्याकडे पाचच नावे असतील, तर दोन मुले दोन जनगणनांच्या मध्ये जन्मून गेलेली असण्याचा संभव फार मोठा असतो. अशी मुले कोणत्याही जनगणनेत येणार नाहीत, ती चर्चच्या दफनवहीत किंवा मृत्यूच्या नोंदीतच भेटतील. इंग्लंड व आयर्लंडच्या १९११ च्या जनगणनांतही विवाहित स्त्रियांना अशाच स्वरूपाचा प्रश्न होता. ज्यांच्या पूर्वजांची पाने या देशांत आहेत त्यांनी सूची बंद करून मूळ पानाची उजवी बाजू वाचावी, इतके मी आग्रहाने सांगेन.

काही माणसे नोंदींत नसतात, कारण त्यांना नोंदले जायचे नव्हते. २ एप्रिल १९११ च्या रात्री इंग्लंडमधील मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या अनेक स्त्रियांनी जनगणनेवर बहिष्कार टाकला. ज्यांची गणती होते त्यांना मत नाही, तर गणतीच नको, अशी त्यांची भूमिका होती. एमिली वाइल्डिंग डेव्हिसन त्या रात्री संसदेच्या इमारतीतल्या एका कपाटात लपून बसल्या. गंमत अशी की त्या तेथे सापडल्यामुळे तेथेही नोंदल्या गेल्या आणि त्यांच्या राहत्या जागेवरही नोंदल्या गेल्या, म्हणजे टाळायला निघालेली व्यक्ती दोनदा मोजली गेली. वेड्यांच्या इस्पितळांतील माणसे काही जनगणनांत केवळ आद्याक्षरांनी नोंदलेली आढळतात. नावाचा शोध अशा ठिकाणी मुळातच निरुपयोगी ठरतो आणि वय, व्यवसाय व जन्मस्थळ यांवरच भिस्त ठेवावी लागते.

आता मेनूंच्या आडचे भांडार. संग्रहातील कितीतरी पानांची सूची अद्याप झालेलीच नाही, त्यामुळे शोधचौकटीला त्यांचा पत्ता नाही. ती पाने ‘कॅटलॉग’ आणि ‘इमेजेस’ या दोन विभागांतून ठिकाणानुसार उघडतात. गाव, तालुका वा परगणा निवडायचा, उपलब्ध वह्यांची यादी पाहायची आणि जुन्या ग्रंथालयात बसावे तसे एकेक पान उलटत जायचे. काम कंटाळवाणे आहे, डोळ्यांना त्रास होतो आणि एखाद्या संध्याकाळी काहीही हाती लागत नाही. तरीही माझ्या बहुतेक चांगल्या संध्याकाळी अशाच गेल्या आहेत. मूळ वहीच्या मागच्या पानांत पुष्कळदा हस्तलिखित अनुक्रमणिका असते, तेथून सुरुवात करावी. ती त्या काळच्या माणसाने केलेली असल्यामुळे नावे वाचण्यात त्याची चूक कमी होते.

२०२४ मध्ये आलेला ‘फुल-टेक्स्ट’ शोध मात्र मला या क्षेत्रातला अलीकडचा सर्वांत मोठा बदल वाटतो. संगणक हस्ताक्षर वाचून संपूर्ण पानाचा मजकूर शोधण्याजोगा करतो. प्रारंभी अमेरिकेतील जमीन व मृत्युपत्रांची कागदपत्रे आणि मेक्सिकोतील नोटरींच्या नोंदी यांपासून त्याची सुरुवात झाली. याचे महत्त्व असे की, सूचीत केवळ मुख्य व्यक्तींची नावे येतात. खरेदीखताचा साक्षीदार, मृत्युपत्रात पुतण्या म्हणून उल्लेखलेला तरुण, कुळ म्हणून नोंदलेली विधवा, अशी माणसे सूचीकाराच्या नजरेबाहेर राहतात. हरवलेला माणूस दुसऱ्याच्या कागदात उभा असतो, आणि आता तेथपर्यंत पोहोचता येते. संगणकाचे वाचन कधी कधी हास्यास्पद असते हे खरे, म्हणून मजकुराचा उतारा प्रमाण न मानता शेजारचे चित्र वाचायचे.

सामायिक वंशवृक्षाविषयी माझे मत अनुकूल नाही. सर्व जगाचा मिळून एकच वंशवृक्ष, प्रत्येक मृत व्यक्तीला एक क्रमांक आणि कोणत्याही सदस्याला दुरुस्तीचा अधिकार, अशी त्याची रचना आहे. हयात व्यक्तींची माहिती इतरांना दिसत नाही, प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो आणि बदलाचे कारण लिहिण्याची सोय आहे, या तिन्ही गोष्टी स्तुत्य आहेत. परंतु एकाच नावाच्या दोन व्यक्ती एकत्र करणे काही क्लिक्सचे काम आहे आणि त्या पुन्हा वेगळ्या करायला आठवडे लागतात. हरवलेल्या माणसाच्या बाबतीत तर मोकळी जागा दिसली की ती भरून काढण्याचा मोह अधिकच. वृक्षात दिलेले नाते मी केवळ एखाद्या अनोळखी माणसाने दिलेली खबर मानतो आणि खाली जोडलेले पुरावे उघडून पाहतो. पुरावे नसतील तर ती पुढची पाच नावे कितीही सुखद असली तरी सोडून देतो.

काही अडचणी थोडक्यात सांगतो. काही पानांवर कुलपाचे चिन्ह दिसते. मूळ मालकाशी झालेल्या करारामुळे ती पाने घरून उघडत नाहीत, संस्थेच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात जावे लागते. देशोदेशीच्या नोंदींचे प्रमाण फारच विषम आहे. डीएनए चाचणीची सोय येथे नाही, ती इतरत्र पाहावी लागेल.

शेवटी सेवेतला एक कोपरा, ज्याकडे नवे लोक सहसा फिरकत नाहीत: तिचा संशोधन विकी. प्रत्येक देश, राज्य आणि अमेरिकेत तर प्रत्येक काउंटीगणिक कोणत्या नोंदी कोणत्या वर्षापासून ठेवल्या गेल्या आणि कोणत्या नष्ट झाल्या, हे त्यात दिलेले असते. मी तो अगदी उशिरा उघडला, हा माझा मूर्खपणा. अमेरिकेची १८९० ची जनगणना वॉशिंग्टनमध्ये १९२१ साली लागलेल्या आगीत आणि नंतरच्या हेळसांडीत जवळजवळ संपूर्ण गेली. इंग्लंड व वेल्सची १९३१ ची जनगणना १९४२ च्या आगीत जळाली. डब्लिनचे सार्वजनिक दफ्तरखाने जून १९२२ मध्ये यादवी युद्धाच्या तोंडावरच उद्ध्वस्त झाले आणि एकोणिसाव्या शतकातील जुन्या आयरिश जनगणना त्यात गेल्या, तर १८८१ आणि १८९१ च्या वह्या पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईपायी आधीच लगदा होऊन संपल्या होत्या. सेंट लुईसमध्ये १९७३ च्या आगीत अमेरिकी सैनिकांच्या १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या आणि त्यांच्या प्रती कोठेही नव्हत्या. या वर्षांच्या पोकळीत पडलेला पूर्वज शोधचौकटीत सापडणार नाही, आणि कपाळ आपटूनही सापडणार नाही. त्याच्यासाठी करयादी, शहरातील रहिवाशांची छापील निर्देशिका, वृत्तपत्रातील मृत्युवार्ता किंवा चर्चची वही यांकडे वळावे लागते. विकीच्या त्या पानावर पर्यायी नोंदींची यादीही असते. खाते उघडल्यावर पहिले नाव टंकण्याआधी ज्या प्रदेशात शोध घ्यायचा आहे त्याचे विकीपान वाचून काढावे आणि जळालेल्या वर्षांची नोंद आपल्या वहीत करून ठेवावी.